अनुभव धागा: क्रूझवर काय न्यायचं आणि काय सोलापुरातच ठेवून जायचं

जुळे सोलापूर (धागा सुरू करणारी)
मुंबई–गोवा–लक्षद्वीप असो की सिंगापूर किंवा दुबई, बॅग भरायला घेतली की घरोघरी प्रश्न तेच. कडक भाकरी नेऊ का? एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ का? सासूबाईंचं निरांजन? ज्यांना यातलं पक्कं ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं. फोटो आणि "आम्ही किती धमाल केली" दुसऱ्या धाग्यावर टाका, इथे फक्त वस्तू, नियम आणि त्यामागचं कारण. नियम कंपनीगणिक बदलतात आणि वरचेवर बदलतात, म्हणून तिकिटासोबत येणारी मनाई-यादी आधी वाचा. तिच्याशी इथलं काही जुळलं नाही तर यादी खरी धरा.

सात रस्ता
खाण्यापासून सुरू करतो, कारण आपली निम्मी बॅग खाण्यानेच भरते. काही जहाजांवर बाहेरचं खाणं सरसकट बंद असतं, तिथे विषयच संपला. बाकी बहुतेक ठिकाणी हिशेब असा: कारखान्यात सीलबंद झालेलं, कोरडं, न उघडलेलं चालतं. घरी केलेलं, शिजवलेलं, ओलसर, किंवा पाकीट फोडून परत बांधलेलं चालत नाही.

त्यामुळे कडक भाकरी चालेल की नाही हे भाकरीवर नसून पाकिटावर ठरतं. बचत गटाची घ्या, पण यंत्राने सील केलेली आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक, घटक, पॅकिंगची व संपण्याची तारीख छापलेली. घटक इंग्रजीत असले तर उत्तम. एक्स-रेपाशी उभ्या असलेल्या फिलिपिनो किंवा नेपाळी सुरक्षारक्षकाला "ज्वारी" वाचता येणार नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून दोरा बांधलेली भाकरीची चळत कितीही कडक असली तरी ती घरची म्हणून बाजूला काढतात.

शेंगा चटणीचं दुखणं वेगळं. आपली चटणी कुटलेली, त्यामुळे तेल सुटतं. पाकीट बाहेरून तेलकट लागलं की ते फुटलं असं धरतात. पाव किलोचं एक घेण्याऐवजी शंभर ग्रॅमची दोन-तीन घ्या आणि प्रत्येक वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा. जेवणाच्या हॉलमध्ये ती टेबलावर उघडी ठेवू नका, शेजारच्या पानावर तर अजिबात जाऊ देऊ नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला माणूस शेजारीच बसलेला असू शकतो. धपाटे, दही, शेंगापोळी मुंबईच्या गाडीतच संपवा.

"एवढंसं गरम करून द्या" असं स्वयंपाकघराला सांगून उपयोग नाही. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तपासणी सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचा जहाज-स्वच्छता विभाग १९७५ पासून करतो. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. त्यांच्या नियमाने गरम अन्न ५७ अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली ठेवावं लागतं, आणि मधल्या तापमानात किती वेळ गेला त्याची नोंद लागते. तुमचा डबा सोलापूरपासून किती तास कसा आला हे त्यांना कळायला मार्ग नाही. बंदिस्त जहाजावर उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस सुटला की आवरत नाही, म्हणून डबा आत घेतच नाहीत.

कन्ना चौक
सात रस्ताकाकांचं बरोबर आहे, पण जहाजावर चाललेलं बंदरावर चालतंच असं नाही. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते, नाहीतर दंड. अमेरिकेतही शेतीमाल लपवला तर दंड बसतो. सोपा उपाय म्हणजे किनाऱ्यावर उतरताना खाण्याचं सगळं केबिनमध्ये ठेवायचं. बुफेतलं सफरचंदसुद्धा पर्समध्ये टाकायचं नाही.

आता आपल्याकडे कुणाच्या मनातही न येणारी गोष्ट: खसखस. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. नुसती पुडी तर नकोच, पण खसखस घातलेला मसाला, अनारसे, दिवाळीचे लाडू, काहीच नेऊ नका. दोन्हीकडे विमानाने उतरून मग जहाजावर चढायचं असतं, म्हणजे पहिली तपासणी विमानतळावरच होते. च्युइंग गमही सिंगापूरला नको, १९९२ पासून आणायला बंदी आहे.

विजापूर वेस
मालक, तंबाखूचं कुणीच बोलंना म्हणून मीच लिवतो. तंबाखू-चुन्याची डबी, मावा, गुटखा सगळं घरी ठेवा. गुटखा तर महाराष्ट्रातच २०१२ पासून बंद हाय. सिंगापूरला चघळायची तंबाखू आणायलाच बंदी, एक पुडी बी नाही. सिगरेटला तिथं करमुक्त सूट शून्य, एका पाकिटावर बी कर भरावा लागतो. ई-सिगरेट भारतात २०१९ पासून बंद, सिंगापूरला जवळ बाळगणं बी गुन्हा, थायलंडला बी तेच. हुक्का बहुतेक जहाजांवर चालत नाही. सुपारीचं मात्र कंपनीला इचारूनच बघा, डेकवर थुंकलेलं कुणी खपवून घेत नाही.

होटगी रोड (इलेक्ट्रिकलवाला)
एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल नीट लिहितो, कारण "एवढ्याशा बोर्डाने काय होतंय" हे हमखास ऐकू येतं.

घरी न्यूट्रल वायर जमिनीला जोडलेली असते. फेज जिवंत, न्यूट्रल जवळपास शून्य. बऱ्याच जहाजांवर मात्र वीजपुरवठ्याची कुठलीच वायर लोखंडी सांगाड्याला जोडलेली नसते. ते मुद्दाम केलेलं असतं. एखादी वायर कुठे सांगाड्याला टेकली तरी पुरवठा लगेच बंद पडू नये, भर समुद्रात जहाज अंधारात जाऊ नये म्हणून. पण याचा अर्थ सॉकेटमधल्या दोन्ही वायरी सांगाड्याच्या तुलनेत जिवंत असतात.

यातून दोन भानगडी होतात. आपल्या बोर्डाचं बटण बहुधा एकच वायर तोडतं. दिवा विझतो, पण दुसऱ्या वायरीतून आतल्या उपकरणापर्यंत वीज पोचलेलीच असते. दुसरी भानगड सर्ज प्रोटेक्टरची. त्यात वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक छोटी चकती असते, व्होल्टेज फार चढलं की ती वीज अर्थिंगकडे वळवते. जहाजावर कुठेही एका वायरीचा सांगाड्याशी दोष झाला की उरलेल्या वायरीचं सांगाड्याशी व्होल्टेज चढतं, आणि दोष सापडेपर्यंत चढलेलंच राहतं. ती चकती क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेली असते. तासन्‌तास ताण बसला की तापते, वितळते आणि पेट घेते. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल सुरक्षा-इशारा काढला होता. काही कंपन्यांनी तर सर्ज नसलेले साधे बोर्ड आणि मल्टिप्लगही बंद केलेत.

मग न्यायचं काय? थेट सॉकेटमध्ये बसणारा, वायर नसलेला, तीन-चार यूएसबी तोंडांचा चार्जर. त्यावर "सर्ज" शब्द नको, आणि यादीत यूएसबी चार्जरबद्दल काय लिहिलंय तेही बघा. केबिनमध्ये बहुधा अमेरिकी चपट्या पिनांचं ११० व्होल्टचं आणि युरोपी गोल पिनांचं २२० व्होल्टचं सॉकेट असतं. आपल्या फोन चार्जरच्या बारीक दोन गोल पिना युरोपी सॉकेटात बसतात. लॅपटॉपचा तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही, त्याला अ‍ॅडॉप्टर लागतो. चार्जरवर "१००–२४० व्ही, ५०/६० हर्ट्झ" छापलंय का बघा. असेल तर कुठेही लावा.

पॉवर बँक चालते. विमानात ती हातातल्या बॅगेतच हवी आणि १०० वॅट-तासांच्या आत. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास, अडचण नाही. आकडा पुसट झालेली पॉवर बँक विमानतळावरच अडकते. झोपताना सीपीएपी मशीन (श्वास चालू ठेवणारं हवेचं यंत्र) लागणाऱ्यांनी कंपनीला आधी कळवायचं, त्यांच्याकडची मान्य केलेली वायर केबिनमध्ये मिळते.

भवानी पेठ
त्याच्याच पुढचं: ज्याची कॉइल तापते ते नाही. इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, पाण्यात टाकायचा रॉड, केटल, इंडक्शन, छोटा कुकर, सगळं बाद. ज्याला ज्योत लागते तेही नाही: निरांजन, उदबत्ती, कापूर, मेणबत्ती, फुलबाज्या. देवघर न्यायचंच असेल तर छोटी तसबीर आणि सेलवरचा दिवा.

हे अतिरेकी वाटत असेल तर २३ मार्च २००६ ची स्टार प्रिन्सेस जहाजाची आग आठवा. जमैकाकडे जाताना पहाटे एका बाल्कनीत आग लागली, ७९ केबिन पार निकामी झाल्या आणि एक प्रवासी गेला. संशय विझवल्याविना टाकलेल्या सिगरेटवर होता. त्यानंतर बाल्कनीतल्या खुर्च्या आणि आडभिंती कशाच्या असाव्यात याचेही आंतरराष्ट्रीय नियम आले.

नवी पेठ
अक्का, मग रेशमी साडीला इस्त्री कशी करायची?

भवानी पेठ
जहाजाच्या लाँड्रीत प्रेसला द्या. काही जहाजांवर स्वतः इस्त्री करायची खोलीही असते. सुती चुरगळलेलं असेल तर बाथरूममध्ये टांगून दहा मिनिटं गरम शॉवर सोडा. रेशमाला ते करू नका, डाग उमटतात. गरम पाण्यासाठी स्टीलचा थर्मास रिकामा न्या आणि बुफेच्या यंत्रावर मग किंवा कप भरून त्यात ओता. थर्मासचं तोंड नळाला लावलेलं चालत नाही.

लष्कर (औषध दुकान)
औषधं मूळ स्ट्रिपमध्येच, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जेनेरिक नावांसह इंग्रजीत. आठवड्याच्या डबीत काढून ठेवलेल्या गोळ्या कुणालाच ओळखता येत नाहीत. दुबईहून चढणाऱ्यांनी ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या-चिंतेच्या काही गोळ्यांबद्दल आधी तपासावं. तिथे यांना सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते, आणि "आमच्याकडे मिळतं" हे उत्तर चालत नाही. इन्सुलिनसाठी फ्रिज आणि सुयांचा डबा केबिन सेवकाकडे मागा. केबिनमधला मिनीबार पुरेसा थंड असेलच असं नाही, छोटा थर्मामीटर ठेवून बघा. सगळी औषधं हातातल्या बॅगेत. मोठी बॅग केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते.

अशोक चौक
बाटलीचं थोडक्यात. स्पिरिट, म्हणजे व्हिस्की-रम, जवळपास कुठेच नेता येत नाही. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपन्या चढताना प्रत्येक सज्ञान प्रवाशामागे ७५० मिलीची एक वाइनची बाटली हातातल्या सामानात घेऊ देतात. अमेरिकेतून निघणाऱ्या त्यांच्या जहाजांवर सज्ञान म्हणजे २१ पूर्ण. तीच बाटली जेवणाच्या हॉलमध्ये उघडली तर बूच काढण्याचे पैसे वेगळे. इतर कंपन्यांचे नियम वेगवेगळे. बंदरावर घेतलेली दारू जहाजावर चढताना काढून घेतात, पावती देतात आणि शेवटच्या रात्री परत देतात. माउथवॉशच्या बाटलीत भरून नेण्याची युक्ती तपासणाऱ्यांना आपल्या आधीपासून माहीत आहे. लक्षद्वीपला तर बंगारम बेट सोडलं तर दारूबंदी आहे.

नवी पेठ
कपड्यालत्त्याबद्दल. सोलापुरी चादर नेऊ नका, केबिनमध्ये पांघरूण असतं आणि चादरीचं वजन विमानाच्या सामानात मोजलं जातं. टॉवेलही नको, पोहण्याच्या तलावाचे टॉवेल जहाज देतं, खोलीच्या नावावर लिहून. परत केले नाहीत तर बिलात लागतात. कुणाला भेट म्हणून सोलापुरी टॉवेल द्यायचाच असेल तर गोष्ट वेगळी.

लोहचुंबकी हूक मात्र जरूर घ्या. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, चार हुकांवर टोप्या, ओळखपत्रं, ओले कपडे टांगता येतात. दारावर अडकवायचे कप्पे नकोत, त्याने आगरोधक दार नीट बंद होत नाही. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नका.

रेल्वे लाइन्स
सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलात तर बॅलार्ड पिअर (मुंबईचा क्रूझ धक्का) जवळच आहे, पण जहाजावर चढायची वेळ बहुधा दुपारची. बॅगा क्लोकरूममध्ये ठेवायच्या तर कुलूप लागतंच, चेनवाली उघडी बॅग घेत नाहीत. जहाजाची सामानाची चिठ्ठी घरीच छापून, घडी घालून, स्टेपल करून वर पारदर्शक टेप लावा. फक्त स्टेपल केलेली चिठ्ठी बॅगांच्या ढिगाऱ्यात निसटते.

बॅगेत मनाईची वस्तू दिसली तर ती बॅग केबिनकडे येत नाही. सुरक्षा कार्यालयात बोलावतात आणि तुमच्यासमोर उघडतात. इस्त्री, बोर्ड यांची पावती मिळते, उतरताना परत. खाणं थेट कचऱ्यात. ड्रोन आणि वॉकीटॉकी बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात. सॅटेलाइट फोन तर भारतात परवानगीशिवाय बाळगताच येत नाही. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे, चपला आणि पासपोर्ट बाहेर काढून ठेवा.

कन्ना चौक
परत चढतानाचं राहिलं. लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलू नका, मेलेला पांढरा असला तरी. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शंख-शिंपल्यांच्याही काही जाती संरक्षित आहेत, आणि कोणती कुठली हे वाळूत उभं राहून ओळखता येत नाही.

सात रस्ता
अडकित्ता चालतो का? आमच्या मातोश्री विचारताहेत.

रेल्वे लाइन्स
कात्रीला बऱ्याच ठिकाणी पात्याची मर्यादा चार इंच, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर. अडकित्ता तपासणाऱ्याने पाहिलेला नसतो, त्यामुळे तो हत्यार म्हणूनच बाजूला जाण्याची शक्यता जास्त. सुपारी न्यायचीच असेल तर कातरलेली, सीलबंद पाकिटातली. आणि सिंगापूर-दुबई असेल तर तीही नको म्हणावं.

सात रस्ता
सांगतो. नाराज होणार, पण सांगतो.