जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या मागच्या भागातून आवाज: क्रॉस बदलावेत की क्राऊन-पिनियन?

बागायतदार, देवगड

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे वीस वर्षांहून जुनी डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. हंगामात सड्यावरच्या बागेतून आंब्याच्या पेट्या खाली आणणे, पावसाळ्यात व्हाळ ओलांडून पलीकडच्या वाडीत खत पोहोचवणे आणि वेळप्रसंगी शेजाऱ्यांची होडी पुळणीवरून वर ओढणे ही तिची कामे आहेत. सध्या गिअर टाकून क्लच सोडला की मागून 'ठक्क' असा आवाज येतो, ताशी 50 ते 60 किलोमीटरच्या दरम्यान बैठकीखाली थरथर जाणवते आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असताना डिफरन्शियलमधून (मागच्या ॲक्सलमधला, चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा गोळा) घोंघावल्यासारखा आवाज येतो, जो पाय काढताच कमी होतो. शिवाय बागेतून डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर-व्हीलचा लिव्हर कित्येकदा अडकून बसतो. गेल्या हंगामापूर्वी मागच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक पाटा वाढवून घेतला आहे.

एका गॅरेजने मागचे क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली एकमेकांत अडकून फिरणारी दातेरी चाकांची जोडी) पूर्ण बदलण्याचा सल्ला दिला आहे. खर्च मोठा आहे, पण ही गाडी आम्हाला विकायची नाही, कारण बागेची वाट तिच्यावाचून चढत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गॅरेजवाले, कुडाळ

बागायतदार काका, आपण सांगितलेली लक्षणे एकाच भागाची नाहीत, त्यामुळे सर्व दोष क्राऊन-पिनियनच्या माथी मारून डिफरन्शियल उघडण्याची घाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. जुन्या काही गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे शाफ्टवर असतो आणि शाफ्ट काढल्यावर तो गाडी धरत नाही, म्हणून केवळ हँडब्रेकवर विसंबून खाली शिरू नये. गिअर न्यूट्रलला ठेवून प्रोपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) हाताने डावी-उजवीकडे फिरवावा आणि सांध्यांकडे नीट पाहावे. क्रॉसच्या (सांध्यातल्या अधिक-चिन्हासारख्या तुकड्याच्या) एका बाजूचा योक (क्रॉसला धरणारा दुहेरी कान) हलतो पण दुसऱ्या बाजूचा क्षणभर थांबून मग हलतो, असे दिसल्यास क्रॉस झिजला आहे. दोन्ही योक एकदम हलत असतील आणि पिनियनचा फ्लँजही (शाफ्ट जोडण्याची चकती) बराच फिरून मगच अडत असेल, तर प्ले (मोकळीक) डिफरन्शियलच्या आत आहे. मात्र त्यातही आतले लहान स्पायडर गिअर आणि ॲक्सलच्या स्प्लाइनची (दांड्यावरच्या खाचांची) झीज मिसळलेली असते, एकट्या क्राऊन-पिनियनची नव्हे.

सुके पडलेले क्रॉस ओळखण्याची एक खूण म्हणजे टोपीच्या कडेला दिसणारी गंजाची लालसर पूड. आपल्याकडे जांभ्याची माती त्याच रंगाची असल्याने डोळा फसतो. म्हणून शाफ्ट आधी धुऊन घ्यावा, काही दिवस गाडी चालवावी आणि मग पाहावे. पूड पुन्हा आली तर आतल्या सुयांच्या बेअरिंगचे ग्रीस संपले आहे. क्रॉस बाहेर काढल्यावर त्याच्या दांड्यांवर नखाला लागतील अशा चरा दिसल्या, तर नुसते ग्रीस भरून उपयोग होत नाही.

आता घोंघावण्याविषयी. फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवावा. तो या दिशांना जराही हलता कामा नये. हलत असेल तर पिनियनचे बेअरिंग गेले आहे, आणि ते वेळीच बदलले तर क्राऊन-पिनियन पुष्कळदा वाचतात. दातांवर खड्डे किंवा तुटलेले कोपरे नसतील तर जुनी जोडी तशीच ठेवावी, पिनियनखालच्या शिम (पातळ चकत्या) जपून परत बसवाव्यात आणि बेअरिंग व ऑइल सील नवे घालावेत. पिनियनवर दबून बसणारी स्लीव्ह असल्यास ती मात्र प्रत्येक वेळी नवीनच हवी. जोडी बदलण्याची वेळ आलीच, तर क्राऊन आणि पिनियन एकत्रच घ्यावेत. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि बहुधा दोहोंवर एकच क्रमांक कोरलेला असतो. बसवताना दातांना रंग लावून स्पर्शाची जागा तपासणारा आणि डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे मापक) वापरणारा कारागीरच निवडावा. कित्येक गाड्यांत दातांमधला प्ले 0.15 ते 0.25 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, तो हाताच्या अंदाजाने साधत नाही. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावा.

आयटीआय निदेशक (निवृत्त), रत्नागिरी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. थरथरीच्या बाबतीत मात्र वाढवलेल्या पाट्यांकडे माझे लक्ष गेले. पाटा वाढला की रिकाम्या गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. क्रॉसच्या सांध्याचा स्वभाव असा की कोनात फिरताना तो पलीकडचा शाफ्ट एकसारख्या गतीने फिरवत नाही. 10 अंशांच्या कोनात ही गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्क्याने वाढते आणि तितकीच कमी होते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही योक एका रेषेत असतील, तरच एका सांध्याचा चढउतार दुसरा सांधा भरून काढतो. शाफ्ट सरकत्या स्प्लाइनमधून काढून एक दात इकडेतिकडे बसवला गेला तरी ही रेष बिघडते. म्हणून उघडण्यापूर्वी दोन्ही भागांवर पंचाने खूण करणे अत्यावश्यक आहे.

पेट्या भरलेल्या असताना थरथर नाहीशी होते का, हे आपण पाहावे. होत असल्यास दोष कोनाचा आहे; तेव्हा वाढवलेला पाटा काढावा किंवा पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य अंशाची पाचर बसवावी. त्याच वेळी यू-बोल्टही आवळून घ्यावेत, कारण ते ढिले असले तरी 'ठक्क' आवाज येतो.

लिव्हर अडकणे हा बहुधा बिघाड नव्हे. अशा जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि हा फरक मातीत किंवा वाळूत चाक घसरून निघून जातो. डांबरावर किंवा कातळावर तो निघत नाही, आणि गिअर, शाफ्ट, क्रॉस सारे पिळात राहतात. रस्ता लागण्यापूर्वीच फोर-व्हील काढावा. अडकलाच तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असल्यासही हाच पीळ सरळ रस्त्यावर पडतो, म्हणून चारही टायर सारखे असावेत.

बागायतदार, देवगड

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. मागच्या टोकाचा क्रॉस स्पष्टपणे झिजलेला आहे, फ्लँज किंचित वर-खाली हलतो आणि पेट्या भरल्यावर थरथर पुष्कळच कमी होते. डिफरन्शियलचे थोडे ऑइल काढून पाहिले, ते ताकासारखे पांढरट आहे. पाणी नेमके कुठून शिरले असावे? आणि नवे ऑइल कोणते भरावे?

गॅरेजवाले, कुडाळ

पाणी बहुतेक व्हाळातूनच आले आहे. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते. हौसिंगच्या (ॲक्सलच्या कवचाच्या) वरचा ब्रीदर (हवा येण्या-जाण्याचे तोंड) मोकळा असेल तर तो हवा आत घेतो. तो मातीने बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढले जाते. होडी ओढताना खाडीचे पाणी गेले असेल तर मीठही आत आहे, आणि पिनियनचे बेअरिंग त्यानेच खाल्ले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. ब्रीदर साफ करावा, शक्य असल्यास त्याला रबरी नळी जोडून तिचे तोंड चेसिसच्या उंचीवर न्यावे, आणि पुढच्या ॲक्सलचे व ट्रान्सफर केसचे ऑइलही याच वेळी तपासावे.

क्रॉस, पिनियन बेअरिंग आणि सील बदलून झाल्यावर हायपॉइड दातांच्या (पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून बाजूला बसणाऱ्या) ॲक्सलमध्ये जीएल-5 दर्जाचे 80डब्ल्यू-90 किंवा पुस्तिकेत सांगितलेले ऑइल भरावे. तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये मात्र सरसकट ओतू नये, कारण जीएल-5 मधील गंधकयुक्त द्रव्ये काही जुन्या गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पडण्यासाठीच्या कड्यांना) बाधतात. तिथे पुस्तिकेत जीएल-4 लिहिले असेल तर जीएल-4 च घ्यावे. आणि ऑइल काढताना खालचा नट सोडण्यापूर्वी भरण्याचा वरचा नट उघडतो का, हे आधी पाहावे. खाऱ्या हवेत तो हमखास गंजून बसतो, आणि ऑइल काढून टाकल्यावर तो उघडेना तर गाडी तिथेच अडकून राहील.