घळ्याचे डोळे काढा हो!

जांभ्याच्या कपारीत राहणारा, मांजराएवढा, अंधारात डोळे चमकवणारा आणि ओरडून लोकांना घळीपासून दूर ठेवणारा तुमचा काल्पनिक प्राणी 'घळ्या' आवडला. पण डोळे चमकायला आधी कुठूनतरी उजेड पडावा लागतो. मिट्ट काळोखात ते नुसतं ओझं. केरळात जांभ्याच्या विहिरींत होराग्लॅनिस नावाचा बोटाहून लहान मासा सापडतो. त्याला डोळे नाहीत, कातडीला रंग नाही, आतल्या रक्तामुळे तो लालसर दिसतो. घळ्याही तसाच लालबुंद करा, आणि मिशा द्या चांगल्या लांब!

खरा प्रश्न पोटाचा. गुहेत आत गवत उगवत नाही, बाहेरून येईल त्यावरच बहुतेकांचं भागतं. कोकणकिनाऱ्याजवळच्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरच्या गुहांत पाकोळी पक्षी थुंकीनं घरटी चिकटवतात आणि टकटक आवाज काढून, प्रतिध्वनीवर अंधारात वाट शोधतात. म्हणजे खाली विष्ठेचा थर, त्यात किडे, अधूनमधून पडलेलं एखादं पिल्लू. घळ्याचं ताट हेच. एवढ्यात मांजराएवढा जीव पोसणार नाही, उंदराएवढा ठेवा. विणीनंतर पिल्लं उडून गेली की याचा उपास सुरू. हे अशक्य नाही. युरोपातल्या गुहांमधला ओल्म नावाचा उभयचर खाण्यावाचून वर्षानुवर्षं तग धरतो.

आणि घळ्याच्या त्या ओरडण्याचं काय करायचं? आमची आजी घळीत हात घालू देत नसे, पण आवाजामुळे नव्हे, विषारी फुरशामुळे. मला घळ्या मुकाच बरा वाटतो.