टाचेचा गिअर काढायचा की ठेवायचा?

चोर्लावाला: काल इथे एकाने लिहिलं, "क्रूझर घेतली की आधी टाचेचा लिव्हर काढून भंगारात टाका, तो ढेरपोट्यांसाठी असतो." लाइक धो धो. म्हणून लांबण लावतोय. हार्लेच्या स्ट्रीट ग्लाइड, रोड ग्लाइडसारख्या क्रूझरना फूटबोर्ड असतो, पाऊल सपाट टेकलेलं. गिअरचा पुढचा लिव्हर बोटांसाठी, मागचा टाचेसाठी. दर वेळी गिअर चढवायला बोटं पुढच्या लिव्हरखाली घालायची तर अख्खा पाय मागे ओढून उचलावा लागतो. टाचेने वरून दाबलं की झालं. बुटाचं नाकही झिजत नाही. जुलैत चोर्ला घाटात गमबूट घालून बोटांनी गिअर उचलून दाखव, मग बोलू.

अकरा नंबरी: पोस्ट माझीच होती. माझा बूट अकरा नंबरचा, दोन लिव्हरच्या मध्ये चेपून बसतो. फूटबोर्ड लांब दिलाय तो पाय मागेपुढे करायला, आणि मागचा भाग ह्या खुंटीने अडवलेला. म्हापसा ते मडगाव गुडघा एकाच कोनात! पर्वरीच्या कोंडीत पाय जरा मागे सरकवला की टाच पडते, भलताच गिअर. काढायला अर्धा तास पुरे.

फोंड्याचा मेस्त्री: हे "अर्धा तास"वालेच नंतर माझ्याकडे येतात. हार्लेच्या त्या गाड्यांत दोन्ही लिव्हर एकाच दातेरी शाफ्टवर बसतात. मागचा काढलात तर त्या जागी स्पेसर, म्हणजे जागा भरणारी कडी, घालावाच लागतो, नाहीतर पुढचा सरकतो. रॉयल एनफिल्डच्या मीटिअर, क्लासिकचं प्रकरण निराळं. तिथे दोन्ही टोकं एकाच लिव्हरची, म्हणजे एका टोकाचा लिव्हर आणून बदला. ग्राइंडरने कापू नका. कापलेल्या कडेने पोटरी फाडून घेतलेलं गिऱ्हाईक मी पाहिलंय.

डिचोलीकर काका: आमच्या जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, आणि न्यूट्रलसाठी टाचेचा वेगळा खटका. कुणी काही कापलं नाही.

पेडण्याची: काका, ते राहू द्या. घरी भावाची स्प्लेंडर आहे. तिथे पुढून दाबलं की गिअर चढतो, टाचेने उतरतो. मीटिअरवर बरोबर उलटं. सवयीने चढवायच्या जागी उतरवला, मागचं चाक घसरलं, समोर कदंब बस. म्हणून मी काढायच्या बाजूने.

चोर्लावाला: ताई, मागचा काढलात तरी पुढचा उलटाच राहणार ना?

पेडण्याची: राहू दे. निदान एक तरी गोंधळ कमी! आणि टाचेचा लिव्हर नसेल तर चपलेतला अंगठा सोलवटतो, हेही मलाच माहीत.

अकरा नंबरी: चपलेत क्रूझर? मग रेंटवाल्या टूरिस्टांना कशाला नावं ठेवायची? चप्पल, हाफ पँट, हेल्मेट आरशाला टांगलेलं. हणजूणला जाऊन बघा.

पिवळा मडगार्ड: रेंटचा विषय निघालाच आहे तर ऐका. मी पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. बॅज आहे, परमिट आहे, पिवळा-काळा रंग आहे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली रेंट गाडी, ठीक, कायदेशीर. पण पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या राजरोस भाड्याने जातात, त्याचं काय? आमचं भाडं गेलं, वर अपघात झाला की विम्याची बोंब.

चोर्लावाला: पात्रांव, विषय गिअरचा आहे.

पिवळा मडगार्ड: तुम्हाला गिअर सुचतो. आम्हाला घर चालवायचंय.

पेडण्याची: बरोबर बोलले ते. आणि मी टूरिस्ट नाही. शाळेत जाते, चप्पल घालूनच जाणार. अकरा नंबरी, तोंड सांभाळून.

अकरा नंबरी: बरं बाई, चप्पल घाला, पैंजण घाला. मेस्त्री, स्पेसरचं मान्य. तेवढंच हां. ढेरपोट्यांचं मागे घेत नाही.

चोर्लावाला: फोटो टाक स्वतःचा, मग ठरवू ढेरपोट्या कोण.

फोंड्याचा मेस्त्री: लिव्हर काढलेला असेल तर गाडी सुरू न करता पुढचा हाताने हलवून बघा. शाफ्टवर आत-बाहेर होतोय? मग उद्या घेऊन या. रविवारी बंद.

पिवळा मडगार्ड: पांढऱ्या पाट्यांवर मात्र एकही बोलला नाही.