तपासणी फाटकाशीच व्हायला हवी होती

कोरोना लसीच्या वर्धक मात्रेच्या (बूस्टर डोसच्या) केंद्रांवरील गोंधळास लोकांची बेशिस्त कारणीभूत होती, हे आपले म्हणणे मला पटत नाही. १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस १८ वर्षांवरील सर्वांना शासकीय केंद्रांवर ही मात्रा मोफत झाली आणि त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी दुसऱ्या मात्रेनंतरचे अंतर ९ महिन्यांवरून ६ महिन्यांवर आले होते. एवढा बदल लोकांपर्यंत नीट पोहोचलाच नाही. नाशिकमध्ये आमच्या भागातील केंद्रावर मी आईला घेऊन गेले, तेव्हा भर पावसात रांग फाटकाबाहेर गेली होती. दीड तासाने खिडकीपाशी पोहोचलेल्या एका आजोबांना ६ महिने पूर्ण व्हायला ४ दिवस बाकी असल्याचे सांगून परत पाठवले गेले. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले प्रमाणपत्र ते पुन्हा पुन्हा उलगडून दाखवत होते. हीच तपासणी फाटकाशी झाली असती, तर त्यांना भिजत उभे राहावे लागले नसते. कोविशील्ड या लसीची कुपी १० मात्रांची असे आणि उघडल्यावर ती ठरावीक वेळेतच संपवावी लागे, त्यामुळे पुरेशी माणसे जमेपर्यंत थांबवणे मी समजू शकते. मात्र ते कारण रांगेला सांगायला कोणीही नव्हते. परिचारिकांना मी दोष देणार नाही, त्या सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या.