मदत हवी आहे : घरपट्टीची संगणकप्रणाली आहे, पण वसुली वहीवरच चालते

सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी भागातली आमची ग्रामपंचायत, साधारण ६०० खातेदार. वर्षापूर्वी घरपट्टी-पाणीपट्टीची प्रणाली घेतली. नमुना ८ ची (कर आकारणीची नोंदवही) सगळी आकारणी भरून झाली. तरीही शिपाई वसुलीला जाताना नमुना १० चं पावतीपुस्तकच नेतो आणि संगणक परिचालक महिनाअखेरीला त्या पावत्या एकदम चढवतो. त्यामुळे नमुना ९ ची (कर मागणीची नोंदवही) थकबाकी वहीत एक, संगणकात दुसरी. भरलेल्या माणसाला परत मागणी गेली की ग्रामसभेत काय होतं ते सांगायला नको.

प्रशिक्षण दोनदा झालं. शिपायाला मोबाईलही दिला, पण वाड्यांवर रेंज नाही. परिचालक एकच, तोच दाखलेही काढतो. ई-ग्रामस्वराजचं (पंचायतींच्या निधी-खर्चाचं केंद्राचं पोर्टल) काम वेगळं, ते नीट चालू आहे. कारण तिथं नोंदीशिवाय पैसेच सुटत नाहीत. घरपट्टीला असा अडसर नाही, माझ्या मते खरी गोम तीच.

नवीन सॉफ्टवेअर सुचवू नका, तेवढा निधी नाही. ज्यांच्याकडे हाती पावती खरोखर बंद झाली, त्यांनी एवढंच सांगा : रेंज नसलेल्या वाडीत पावती कशी देता, आणि जुना-नवा आकडा जुळवताना कोणता प्रमाण धरलात?