बेदाण्याच्या पाकिटावर स्वतःचे नाव घालावे का?

प्रश्न (पंचवटी): पिंपळगाव बसवंत परिसरातील बागायतदारांकडून बेदाणे घेऊन, देठ काढून व निवडून मी ते पाव किलोच्या पाकिटांत विकते. गिऱ्हाईक मला 'बेदाणेवाल्या ताई' एवढेच ओळखते. पाकिटावर माझे नाव आणि छायाचित्र घालावे का?

उत्तर (सातपूर): ताई, नाव जरूर घाला, छायाचित्राची घाई नको, कारण उद्या व्यवसाय मुलांकडे गेला तर चेहरा अडचणीचा ठरतो. व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्कचा) अर्ज मात्र आधी करा. त्यासाठीच्या मालाच्या वर्गवारीत सुकामेवा २९व्या वर्गात येतो, व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रतिवर्ग ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षांची असते. नुसते आडनाव नोंदवू नका. त्याच आडनावाच्या दुसऱ्या व्यावसायिकाने ते प्रामाणिकपणे वापरल्यास कायदा त्याला अडवत नाही.

उत्तर (गंगापूर रोड): माझ्या मते नावापेक्षा माहिती अधिक मोलाची आहे. द्राक्षे कोणत्या गावची, पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिली आहे की नाही, हे तुम्ही स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवरील छोट्या चित्रफितीत दाखवलेत, तर गिऱ्हाईक नाव आपोआप विचारील. पाकिटावर एफएसएसएआयचा (भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक मात्र हवाच.

प्रश्नकर्ती: अर्ज या आठवड्यात करते. गंधकाविषयी बागायतदारांकडून लेखी घ्यावे लागेल, असे दिसते.