यूएसबी २.० ची डिफरन्शियल पेअर: लांब केबलवर एरर -७१

वेर्णा_हार्डवेअर: नमस्कार मंडळी. मालीम जेटीवर बसवायच्या कॅमेऱ्यासाठी बोर्ड केलाय. दोन लेयर, १.६ मिमी एफआर-४ (बोर्डचं नेहमीचं ग्लास-इपॉक्सी मटेरियल). पेअरची (यूएसबीचा डेटा एकमेकांच्या उलट सिग्नलने नेणारे दोन जोड-ट्रॅक) लांबी ६२ मिमी, ट्रॅक ०.२५ आणि गॅप ०.२ मिमी. कॅमेरा ४८० मेगाबिटवर ओळखला जातो, पण थोड्याच वेळात लिनक्सच्या लॉगमध्ये एरर -७१ (प्रोटोकॉल एरर) येऊन रीसेट होतो. ३० सेंमी केबलवर चालतो, २ मीटरवर नाही. दोन ट्रॅकच्या लांबीत १.४ मिमी फरक आहे, सर्पंटाइन (नागमोडी वळणं) घालून तो काढू का? खाली ग्राउंड आहे, फक्त १२ व्होल्टचा एक ट्रॅक पेअरखालून आडवा गेलाय. चवथीआधी फाइल फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) पाठवायची आहे.

ओहम_फोंडा: लांबीला हात लावू नका. एफआर-४ वर मिमीमागे साधारण ६ पिकोसेकंद धरा. तुमचा फरक ८-९ पिकोसेकंदांचा आणि एक बिट २०८३ चा.

घोळ इम्पीडन्सचा (वेगवान सिग्नलला ट्रॅककडून होणाऱ्या विरोधाचा) आहे. ग्राउंड दीड मिमी खाली असताना ही पेअर १५० ओहमच्या आसपास जाते. पाहिजेत ९० ओहम, फार तर १५ टक्के इकडेतिकडे. चार लेयर घ्या, ग्राउंड वरच्या लेयरपासून ०.२ मिमीवर ठेवा, ट्रॅक ०.२८ आणि गॅप ०.२ केला की ९० च्या जवळ येतं. शेवटचा आकडा मात्र फॅबकडून स्टॅकअप (लेयरांची रचना आणि जाडी) मागवूनच काढा, प्रीप्रेगची (लेयरांमधल्या इन्सुलेशनची) जाडी प्रत्येकाची वेगळी.

आणि तो १२ व्होल्टचा ट्रॅक आधी हलवा! त्याने खालचं ग्राउंड कापलं जातं. 'दोन ट्रॅक एकमेकांचा रिटर्न (परतीचा करंट) वाहतात, खाली ग्राउंड कसंही असलं तरी चालतं' हा समज फार पसरलाय. ग्राउंड प्लेन इतकं जवळ असलं की प्रत्येक ट्रॅकचा बहुतेक रिटर्न करंट त्याच्या खालूनच जातो. तिथे चीर पडली की तो वळसा घालतो, इम्पीडन्स उसळतो, आणि पेअरमध्ये जराही असमतोल असला तर कॉमन-मोड (दोन्ही ट्रॅकवर एकाच दिशेचा) सिग्नल होऊन केबलच अँटेना बनते.

वेर्णा_हार्डवेअर: चार लेयर बजेटमध्ये बसतील. कनेक्टरपाशी ईएसडीसाठी (स्थिर विजेच्या झटक्यापासून बचावासाठी) ३० पिकोफॅरडचा टीव्हीएस डायोड आहे, तो ठेवू ना?

आय_डायग्राम: अजिबात नको. दोन्ही टोकांना ४५ ओहम, म्हणजे त्या ३० पिकोफॅरडला ते समांतर मिळून २२.५ ओहम दिसतात. टाइम कॉन्स्टंट ०.६८ नॅनोसेकंद, राइज टाइम दीड नॅनोसेकंद, आणि बिट जेमतेम २.०८ चा. त्यात लांब केबलचा लॉस मिळाला की आय (०-१ ओळखायला सिग्नलमध्ये उरणारी मोकळी जागा) मिटते. १ पिकोफॅरडच्या आतला, यूएसबी हाय-स्पीडसाठीचा टीव्हीएस अ‍ॅरे लावा. ट्रॅक त्याच्या पॅडवरूनच पुढे न्या, बाजूला फाटा काढून डायोड जोडू नका. त्याचा ग्राउंड व्हाया (लेयर जोडणारं छिद्र) पॅडला अगदी चिकटून हवा.

ओहम_फोंडा: जेटीवर खारं वारं, त्यात पावसाळा, तेव्हा कॉन्फॉर्मल कोटिंग (बोर्डवरचा पातळ संरक्षक थर) लागेलच. आधी सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन बोर्ड पूर्ण वाळवा, नाहीतर मीठ आणि ओल कोटिंगखाली अडकून बारीक पिनांमध्ये लीकेज सुरू होतं. कनेक्टर टेपने झाका. कोटिंगने पेअरचा इम्पीडन्स थोडा उतरतो, पण १५ टक्क्यांत सहज बसतो.